ओठीची तपासणी

माझ्या धंद्यात खोटं बोलावं लागत नाही, लवकर बोललं तरी भागतं. नवं सॉफ्टवेअर बाजारात येणार असतं, कंपनी ते परीक्षकाला आधी वापरायला देते, परीक्षक आठवडाभर ते वापरतो, दोन उणिवा तोंडी लावायला घेतो आणि साडेचार तारे देऊन मोकळा होतो. त्यातला एक शब्दही खोटा नसतो. त्या आठवड्यात ते खरोखरच छान चाललेलं असतं. पुढे वर्षभर माणसांच्या हाती राहून त्याचं काय होतं, हे बघायला कुणी थांबत नाही, कारण तोवर दुसरं काहीतरी आलेलं असतं आणि वाचकांना त्याची घाई असते.

मी थांबते. त्यामुळे माझे लेख उशिरा येतात, कमी वाचले जातात आणि दिवाळीला कुठल्याही कंपनीची मिठाई माझ्या घरी येत नाही. मी त्रिशला मगदूम. 'पारख' नावाच्या मराठी संकेतस्थळावर सॉफ्टवेअरची परीक्षणं लिहिते. वस्तू पदरमोड करून घेते, ती कुणाच्या तरी घरी चांगली जुनी होऊ देते आणि मग तपासते. ही रीत मी कुठल्या विद्यापीठात शिकले नाही. ती माझ्या वडिलांची आहे.

अण्णा, म्हणजे भूपाल मगदूम, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सांगली-मिरजेच्या पेठेत ते शिरले की दुकानदार आधी आपल्या काट्याकडे बघायचे आणि मग अण्णांकडे. अण्णा म्हणायचे, कारखान्यातून निघालेला प्रत्येक काटा खराच असतो. त्याला वर्षभर दुकानात राहू द्या, मग तपासा. दुसरी त्यांची रीत पारडी बदलण्याची. डाव्या पारड्यातलं वजन उजव्यात टाकायचं, उजव्यातलं डाव्यात. काटा खरा असेल तर जड वजनाबरोबर झुकाव दुसऱ्या बाजूला जातो. काटा खोटा असेल तर वजनं कितीही इकडची तिकडे करा, झुकाव आपल्या जागी बसून राहतो.

ते निवृत्त झाले त्याच सुमारास काटे स्वतःची तपासणी स्वतःच करून खात्याला कळवायला लागले. अण्णांना हे समजलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे संशयिताला विचारायचं, तू काही केलंस का? तो नाही म्हणाला की शिक्का मारायचा. झकास." अण्णांचं बोलणं असं होतं. त्याला धार होती आणि ती घरात वापरतानाही ते म्यानात घालत नसत. सगळ्यात जास्त कापली गेली ती माझी आई.

मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि भाषा गेली.

भाषा जाते म्हणजे काय, हे आम्हाला मिरजेच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या डाव्या भागात शब्दांची जुळणी होते. तिथला रक्तपुरवठा तुटला की माणसाला समोरच्याचं बोलणं बरंचसं कळतं, काय म्हणायचं तेही मनात तयार होतं, पण शब्द तोंडापर्यंत पोचत नाहीत. अण्णांच्या तोंडून 'ता ता' एवढंच निघायचं. ते ऐकून ते स्वतःच इतके संतापायचे की डावा हात टेबलावर आपटायचे.

माझा धाकटा भाऊ शीतल पुण्यात असतो. त्यानं ओठी आणली.

ओठी म्हणजे गळ्याभोवती बसणारी एक मऊ पट्टी आणि छातीशी अडकवायचा छोटा स्पीकर. त्या स्पीकरवरच समोरचं टिपणारा बारीक कॅमेरा असतो. माणूस बोलू पाहतो तेव्हा आवाज फुटला नाही तरी मेंदूकडून गळ्याच्या स्नायूंना काही क्षीण संदेश येत असतात. पट्टी ते वाचते. पण झटका आलेल्या माणसाचे संदेश तुटके असतात, त्यांतून एखादं अक्षर, एखादा अर्धा शब्द हाती लागतो. उरलेलं वाक्य ओठी अंदाजानं भरते. त्यासाठी तिला त्या माणसाची जुनी भाषा ऐकवावी लागते. फोनमधले निरोप, लग्नाच्या चित्रफितींमधलं बोलणं, जे मिळेल ते. शिवाय समोर कोण बसलंय, त्यानं काय विचारलं, त्याचा चेहरा कसा आहे, हेही ती बघते. या सगळ्यांतून ती एक वाक्य निवडते आणि त्या माणसाच्याच आवाजात बोलते.

आता निवड बरोबर होती की चुकली, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. म्हणून संभाषण संपलं की ऐकणाऱ्याच्या फोनवर पाच तारे उमटतात. कमी तारे मिळाले की ओठी तशी वाक्यं टाळते, जास्त मिळाले की तशीच आणखी बोलते. गळ्याच्या संदेशाला किती मान द्यायचा आणि स्वतःच्या अंदाजाला किती, तेही ती ताऱ्यांवरूनच ठरवते. अशा रीतीनं ती दिवसेंदिवस सुधारते, असं कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं.

मी बंगळुरूला राहते. वर्षभर माझं अण्णांशी बोलणं फोनवरच झालं, आणि त्यांचा आवाज पुन्हा कानावर पडतोय याचंच मला इतकं बरं वाटायचं की बोलणं काय झालं याकडे लक्ष गेलं नाही. दिवाळीआधी सुट्टी काढून मी मिरजेला गेले, तेव्हा गेलं.

"आलीस काय गं?" आई दारातच म्हणाली. "कवाधरनं वाट बघायलेत बघ."

"ये त्रिशला," अण्णांच्या छातीवरून अण्णांचा आवाज आला. "प्रवासात दमली असशील. आधी जरा पड."

अण्णा खुर्चीत बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. माझ्या आठवणीत त्यांनी कधी माझ्या दमण्याची चौकशी केलेली नव्हती. उशीर का झाला, एवढं विचारायचे. पण आजारानं माणसं मऊ होतात असं ऐकलं होतं. मी पाया पडले. त्यांचा डावा हात मांडीवर निपचित होता.

"हल्ली हात आपटत नाहीत?" मी स्वयंपाकघरात आईला विचारलं.

"न्हाई गं. पहिल्यांदा लई आपटायचे. डॉक्टर म्हणाले, आजारपणातली चिडचिड हाय. गोळी दिली. आता एकदम शांत."

आईनं मग मला क्षमावाणीची हकिगत सांगितली. फोनवर तिनं ती तीनदा तरी सांगितली होती, पण समोरासमोर सांगायची राहिली होती. आमच्या जैनांत दशलक्षण पर्व संपलं की वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागायचा दिवस येतो. अण्णा त्या दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जाऊन हात जोडून साऱ्या गावाला 'उत्तम क्षमा' म्हणून यायचे. घरी आल्यावर आई वाट बघत उभी असायची आणि ते म्हणायचे, "तुला काय वेगळं सांगायचं? वाढ."

"आणि ह्या वर्षी," आई म्हणाली, "मी नुसती समोर जाऊन बसले. तर म्हणतात, पद्मा, आख्खा जन्म तुला टोचून बोललो. चारचौघांत तुझा पाणउतारा केला. मला क्षमा कर." तिनं पदरानं डोळे टिपले. "एवढं बोलले ते. मी म्हटलं, केली वो, कवाच केली. आता माझं काही मागणं न्हाई राहिलं बघ."

आईचं नाव पद्मावती. अण्णांनी तिला 'अगं ए' सोडून दुसरी हाक मारलेली मी तरी ऐकली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता आणि थोडा झालाही. पण धंद्यानं माझा स्वभाव बिघडवलाय.

संध्याकाळी मी अण्णांसमोर बसले आणि मुद्दाम एक बिनबुडाचं विधान केलं. "अण्णा, सोनाराला भाजीवाल्याचा काटा चालायला काही हरकत नाही, नाही का?"

"बरोबर आहे तुझं," अण्णांचा आवाज म्हणाला. "काळाप्रमाणे बदलायला हवं."

या एका वाक्यासाठी अण्णांनी एके काळी मला घराबाहेर काढलं असतं. मग मी म्हणाले, "छे, असं कसं चालेल? सोनाराचा काटा बारीकच हवा."

"अगदी खरं. तू बरोबर बोललीस."

मी पारडी बदलली होती आणि झुकाव जागचा हलला नव्हता. अण्णांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. त्या नजरेत काय होतं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

गच्चीवर जाऊन मी शीतलला फोन लावला.

"अक्का, तू सुट्टीवर आहेस," तो म्हणाला. "सुट्टीवर राहा."

"शीतल, तो आवाज अण्णांचा आहे. बोलणं अण्णांचं आहे की नाही, ते मला माहीत नाही."

"आई खूश आहे. अण्णा शांत आहेत. आणखी काय तपासायचंय तुला? हजारो घरांत ओठी आहे. सगळ्यांनी पाच-पाच तारे दिलेत."

"कुणी दिलेत?"

"लोकांनी!" तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "समज, तुझ्या मनात आहे तसंच निघालं. मग आईला काय सांगणार आहेस? क्षमावाणीचं काय सांगणार आहेस तिला?"

मी फोन ठेवला. आई त्या एका वाक्यावर जगत होती. ते वाक्य कुणाचं होतं, हे तपासायला मी निघाले होते. तपासलं नाही तर ती सुखात राहणार होती, आणि अण्णा त्या शांत आवाजाच्या मागे जसे होते तसे राहणार होते. मी कंपनीलाही लिहून बघितलं. तासाभरात गोड उत्तर आलं की प्रयोगशाळेत ओठीनं सगळ्या चाचण्या उत्तम रीतीनं पार केल्या आहेत. ते खरंच असणार. चाचण्या नव्या कोऱ्या ओठीच्या होत्या, वर्षभर तारे खाल्लेल्या ओठीच्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी आईला सरळ विचारलं. खोटं सांगून परीक्षा घेणं माझ्या रीतीत बसत नाही.

"घे की," आई म्हणाली. "परीक्षेला कोण भितंय? चांगलं धा जणांना वाचायला मिळंल."

तिला इतकी खात्री होती की मला तिच्याकडे बघवेना.

दुपारी आमच्या शेजारच्या लीलाताई उपाध्ये आल्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या, आणि चित्रांची कार्डं मी त्यांच्याकडूनच आणली होती. छत्री, सायकल, घंटा, कुलूप, केळी असली साधी चित्रं, प्रत्येकाच्या तीन प्रती. बेत असा होता. लीलाताई स्वयंपाकघरात बसून एक कार्ड खोक्यात ठेवणार आणि एक पाकिटात घालणार. कधी दोन्ही चित्रं सारखी, कधी वेगळी. खोकं अण्णांच्या मांडीवर ठेवायचं, असं की आतलं चित्र वरून फक्त अण्णांना दिसेल, छातीवरच्या कॅमेऱ्याला नाही आणि मलाही नाही. पाकिटातलं चित्र आईच्या पुढ्यात टेबलावर, कॅमेऱ्याला दिसेल असं. माझ्या चेहऱ्यावरून कुणाला उत्तर कळू नये म्हणून मी अण्णांच्या पाठीशी उभी राहणार. आईनं नेहमीसारखं विचारायचं. ओठी बोलली की मग अण्णांसमोर सगळ्या चित्रांचं ताट धरायचं आणि त्यांनी डाव्या हातानं, खोक्यात जे दिसलं त्यावर बोट ठेवायचं.

"अहो, काय दिसालंय तुम्हाला?" आईनं विचारलं. तिच्यासमोर छत्री होती.

"छत्री आहे, पद्मा. काळी छत्री."

ताट धरलं. अण्णांनी छत्रीवर बोट ठेवलं. आईनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की बघ, म्हटलं नव्हतं?

पुढच्या खेपेला आईसमोर घंटा होती.

"घंटा दिसतेय. बस्तीतल्या घंटेसारखी."

ताट धरलं. अण्णांचं बोट घंटेवरून पुढे गेलं आणि सायकलवर थांबलं. खोकं उघडून बघितलं तर आत सायकल होती.

"चुकून झालं असंल," आई म्हणाली.

मी तीच दोन कार्डं अदलाबदल करायला लीलाताईंना सांगितलं. आता आईसमोर सायकल आली आणि अण्णांच्या खोक्यात घंटा. ओठी म्हणाली, "सायकल आहे, मी ऑफिसला न्यायचो तशी." अण्णांचं बोट घंटेवर. पुन्हा वेगळी चित्रं, पुन्हा तेच. चित्रं जिकडे नेऊ तिकडे अण्णांचं बोट बिनचूक जात होतं आणि अण्णांचा आवाज प्रत्येक वेळी आईच्या बाजूला राहत होता.

शेवटी आईच्या पाकिटातून कोरं कार्ड निघालं. तिला काहीच दिसत नव्हतं. ती गोंधळून अण्णांकडे बघत राहिली. "काय दिसालंय?"

"तू दिसतेस, पद्मा," आवाज म्हणाला. "आज छान दिसतेस."

अण्णांनी ताट धरायची वाटही बघितली नाही. त्यांनी माझ्या हातातल्या ताटातून कुलपाचं चित्र ओढलं आणि टेबलावर आपटलं. मग पुन्हा आपटलं. मी समोर येऊन बघितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि छातीवरचा आवाज मजेत सांगत होता की आज हवा छान पडली आहे.

मी पट्टी सोडली. मला कंपनीचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली. वर्षभर हा माणूस आपल्याच आवाजात दुसऱ्याचं बोलणं ऐकत बसला होता. हात आपटून आपटून सांगत होता आणि आम्ही त्याला गोळी दिली. मीसुद्धा परीक्षेची परवानगी आईकडे मागितली होती. अण्णांना विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आई जागची हलली नव्हती. मी तिला ताऱ्यांचं गणित समजावून सांगायला तोंड उघडलं, पण तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

"पहिल्या महिन्यात बोलायचे तिखट," ती हळूहळू म्हणाली. "चहा पाणचट झालाय. टीव्ही बंद कर. माझ्यासमोर रडू नको. मला वाटलं, मशीन चुकालंय. आजारी माणूस असं कशाला बोलंल? मी एक तारा द्यायची. आणि गोड बोलले की पाच. म्हणजे चुकलेलं म्हणून मी जे काढलं, तेच हे होते."

लीलाताई कार्डं तिथंच ठेवून घरी गेल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. तो लेख 'पारख'वर आला आणि आजवर माझा कुठलाही लेख वाचला गेला नव्हता इतका वाचला गेला. ज्यानं बोलायचं त्याच्याच हाती तारे हवेत, आणि वर्षभर वापरलेल्या यंत्राची तपासणी झाल्याशिवाय त्याला चांगलं म्हणू नये, एवढंच मी लिहिलं होतं. इतर गावांतल्या लोकांनी खोकी आणि कार्डं घेऊन घरोघर परीक्षा केल्या. काही घरांत ओठी खरी निघाली, बऱ्याच घरांत नाही. कंपनीनं तारे रुग्णांच्या हाती दिले आणि ओठीची सरासरी एकदम आपटली. एका बाईनं मला लिहिलं, 'माझा मुलगा रोज मला आई म्हणून हाक मारत होता. तुम्हाला कुणी सांगितलं होतं तपासायला?' तिला काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही. शीतल अनेक महिने माझ्याशी जेमतेम कामापुरतं बोलला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आमच्याकडे एक गळ्यातून उतरवलेलं यंत्र होतं आणि खुर्चीत एक माणूस होता, ज्याला सगळं कळत होतं.

मी एक हिरवं कार्ड आणि एक तांबडं कार्ड अण्णांसमोर ठेवलं. हिरवं म्हणजे होय, तांबडं म्हणजे नाही. झटक्यानंतर काही जणांची होय-नाहीतही गल्लत होते, म्हणून आधी उत्तरं ठाऊक असलेले प्रश्न विचारले आणि प्रत्येक प्रश्न उलटूनही विचारला. तुमचं नाव भूपाल? हिरवं. तुमचं नाव शीतल? तांबडं. आपण मिरजेत आहोत? आपण कोल्हापुरात आहोत? मध्येच कार्डांच्या जागा बदलल्या. अण्णा एकदाही चुकले नाहीत. उलट प्रश्नांना त्यांच्या चेहऱ्यावर जुनी तुच्छता दिसली आणि ती बघून मला फार बरं वाटलं.

"अण्णा, हे मी छापू का? तुमचं नाव घालून?"

हिरवं.

"नको छापू?"

तांबडं. जरा जोरातच.

मी कार्डं उचलायला गेले तर आईनं माझा हात धरला.

"थांब. मला एक विचारायचंय."

तिला काय विचारायचंय ते मला कळलं. मी म्हणाले, "आई, आज नको."

"आजच." ती खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसली. पदर सारखा केला. "अहो, क्षमावाणीला तुम्ही जे बोललासा, ते तुमचं होतं काय?"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. होय म्हणणं सोपं होतं. हिरवं कार्ड त्यांच्या हाताजवळ होतं आणि त्यानं एका दुपारीत सगळं मार्गी लागलं असतं. मला मनापासून वाटलं की त्यांनी खोटं बोलावं. परीक्षक म्हणून सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

त्यांनी हात तांबड्यावर ठेवला.

"उलटं विचार," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुझी रीत हाय नव्हं? विचार."

मी अण्णांकडे वळले. "अण्णा, ते मशीनचं होतं?"

हिरवं. त्या दिवसाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर होतं ते.

बाहेर ऊन उतरत आलं होतं. आमच्याकडे दिवस बुडायच्या आत जेवायची पद्धत आहे, आणि ही वेळ आईची स्वयंपाकघरात असायची असते. ती उठली नाही. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं टेबलावरची ओठी उचलली, पट्टी नीट गुंडाळून बाजूला ठेवली आणि अण्णांकडे वळली.

"बरं झालं खरं बोललासा," ती म्हणाली. "मागितली ती मशीननं. पण दिली ती मी दिली होती. मनापासनं दिली होती. ती मी काय आता परत घेत न्हाई."

अण्णांचा चेहरा हलला. तोंडातून 'ता' एवढंच निघालं आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

आईनं दोन्ही कार्डं त्यांच्यापुढे सरळ लावली. "आता तुमचं तुम्ही बघा. मागायची हाय का न्हाई?"

अण्णांनी डावा हात उचलला. तो कार्डांच्या वर येऊन थांबला आणि तिथंच राहिला. मला दोनदा वाटलं की खाली येतोय. आई मान खाली न घालता बघत होती. स्वयंपाकघरातला उजेड गेला, जेवायची वेळ टळली, आणि तो हात अजून वरच होता. आम्ही वाट बघत राहिलो. त्यांच्या वतीनं आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही.